वसई पश्चिमेची गावं: अजून शांत आहेत, ती कशामुळे?

गिरणगावकर

नमस्कार मंडळी,

'मुंबईजवळ शांत जागा सुचवा' असा धागा इथे दर पावसाळ्यानंतर निघतो. उत्तरं ठरलेली असतात: बदलापूर, कर्जत, फारच झालं तर अलिबाग. वसईचं नाव कुणी काढलंच तर पुढच्याच प्रतिसादात विरार लोकलचा किस्सा येतो आणि मूळ विषय बाजूला पडतो. म्हणून हा वेगळा धागा, वसई पश्चिमेच्या गावांपुरता.

मी लालबागचा. ताईचं सासर निर्मळच्या बाजूला, त्यामुळे शाळेच्या सुट्ट्यांपासून तिकडे जाणंयेणं आहे. राहिलेलो मात्र नाही. स्थानिकांनी भर घालावी, चुकलं तर कान धरावा.

चर्चगेटपासून वसई रोड साधारण ५२ किलोमीटर. पश्चिमेला उतरल्यावर पहिला काही वेळ माझ्या म्हणण्यावर विश्वास बसणार नाही. शेअर रिक्षांची रांग, मोबाईलची दुकानं, माणिकपूरचा ट्रॅफिक, एकमेकींना खेटलेल्या इमारती. कुठल्याही उपनगरात असतं तेच. बाभोळा मागे पडून रिक्षा आतल्या गावांकडे निघाली की रस्ता अरुंद होत जातो. दोन्ही बाजूंना वाड्या लागतात. केळी, नारळ, मध्येच पानवेलीचा मांडव, कुंपणावर जास्वंद. वळणावर क्रूस, त्याला ताज्या फुलांचा हार. पुढच्या वळणावर देऊळ. गिरीज, सांडोर, भुईगाव, वाघोली, निर्मळ, नाळा, नंदाखाल, आगाशी... एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला रेल्वेचे रूळ, दक्षिणेला खाडी, आणि या तिघांच्या मधली ही पट्टी.

राहतं कोण? सामवेदी, वाडवळ, भंडारी, कोळी, आगरी. यातले कितीतरी ख्रिस्ती, कितीतरी हिंदू, आणि आडनावावरून अंदाज बांधायला जाल तर फसाल. पोर्तुगीज १५३४ मध्ये आले, चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये किल्ला घेतला, मधल्या दोनशे वर्षांत जे घडलं त्याच्या खुणा घराघरांत आहेत. पण ख्रिस्ती घरातली भाषा मराठी, चर्चमधली मिस्सा मराठीत, आणि सामवेदी ख्रिस्ती म्हणजे कुपारी लोकांची स्वतःची बोली, कादोडी, वेगळीच. निर्मळला शंकराचार्यांची समाधी मानतात त्या देवळाची कार्तिकात यात्रा भरते. ताईच्या शेजारचं ख्रिस्ती कुटुंब तिथे दरवर्षी सहकुटुंब जातं, त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. (किल्ल्यावर स्वतंत्र धागा काढा कुणीतरी. इथे नको.)

आता मुद्द्याचं. हे सगळं मुंबईच्या इतक्या जवळ टिकलं कसं?

माझ्या मते पहिलं उत्तर पाणी. ही रेताड जमीन. पावसाळ्यात मुरलेलं गोडं पाणी खाली खाऱ्या पाण्यावर तवंगासारखं राहतं. वाडीतल्या विहिरी त्या तवंगातून पाणी घेतात. जोडीला बावखलं: पूर्वजांनी खणून ठेवलेली गोड्या पाण्याची तळी. पाऊस साठवायचा, हळूहळू मुरू द्यायचा, म्हणजे आजूबाजूच्या विहिरी उन्हाळ्यात साथ देतात. उपसा मर्यादेत असेपर्यंत सगळं सुरळीत. जास्त उपसलं की समुद्र आत येतो, विहीर मचूळ होते आणि वाडी जळायला लागते.

ऐंशीच्या दशकात स्टेशनभोवती इमारती उठल्या तेव्हा तिथे पुरेसं नळाचं पाणी नव्हतं. ते कुठून आणलं? गावातल्या विहिरींतून, टँकरने. त्याच दशकाअखेर हरित पट्टा बांधकामाला मोकळा करायचं सरकारने ठरवलं, आणि मग हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्यात पुढे होते. बाहेरच्यांना ते माहीत झाले २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून, वसईत मात्र त्यांची ओळख त्याआधी तीस वर्षं टँकर आणि बिल्डर यांच्याशी भांडणारा माणूस अशी होती. २०२४ च्या जुलैत ते गेले.

तर ही शांतता आयती मिळालेली नाही, लोकांनी भांडून ठेवली आहे. आणि ती भांडणारी पिढी आता म्हातारी झाली. पुढचं काय, यावर इथल्या लोकांचं ऐकायचंय.

पहाटलोकल

धागा आवडला. वाचनखूण साठवली.

फक्त एक. शांत गावात राहून नोकरी अंधेरीला असेल तर तुमची शांतता रात्री नऊ ते पहाटे पाच एवढीच, आणि तेव्हा तुम्ही झोपलेले असता. मी माणिकपूरला राहतो, गाव पाहतो ते रविवारी.

अवांतर: विरारहून मुंबईला पहिली गाडी १८६७ मध्ये सुरू झाली म्हणतात, सकाळी एक जायची आणि संध्याकाळी एक परत. खिडकी मिळत असणार!

मोगरीण

गिरणगावकर, छान लिहिलंत. मी भुईगावची. माहेर इथलंच, सासरही इथलंच.

पण तुम्ही सगळे ज्याला शांत म्हणता ना, ती दुपार. पहाटे या कधी. मोगऱ्याच्या दिवसांत कळी उमलायच्या आत खुडावी लागते, उमलली की बाजारात तिला भाव नाही. डोक्याला बॅटरी लावून आम्ही चौघी-पाच जणी वाडीत. मग ओल्या फडक्यात बांधायचं, बोचकं रिक्षात टाकायचं, आणि कुणीतरी एकीने पहाटेची गाडी धरून दादरचं फूलमार्केट गाठायचं. माझी सासू आयुष्यभर हेच करत आली. लाल लुगडं नेसून डब्यात दाराजवळ बसायची, ती जागा तिची हे सगळ्यांना माहीत असायचं. मोगरा संपला की कागडा, मग सोनचाफा. लग्नसराई आणि गणपतीत हातात पैसे खेळतात, पितृपक्षात काय मिळतं ते विचारू नका.

माझ्या मुलीला यातलं काही करायचं नाही. ती बँकेत आहे. मी तिला कर म्हणतही नाही. आता खुडायला जव्हारकडच्या बायका येतात, त्यांची मजुरी देऊन हातात काय उरतं याचा हिशेब मी मांडत नाही, मांडला तर वाडी बंद करावी लागेल.

म्हणजे पिढी म्हातारी झाली हे खरं, पण फक्त आंदोलनाची नाही हो, कुदळ धरणारीही. वाडीत पीक नसेल तर हरित पट्टा कागदावर राहून काय उपयोग? पडीक जमिनीला गिऱ्हाईक लगेच येतं.

नालासोपारा_पूर्व

गिरणगावकर साहेब, आयडी गिरणगावाचा घेता आणि गिरणगाव गेलं कुठे ते विसरता?

८२ च्या संपानंतर माझ्या वडिलांनी परळची खोली विकली आणि आम्ही इथे पूर्वेला आलो. आमच्या मजल्यावर सहापैकी चार घरं गिरणी कामगारांची होती. आम्ही विकत घेतलेलं टँकरचं पाणी म्हणजेच तुमच्या धाग्यातला 'उपसा'. हौस नव्हती आम्हाला. नळ नव्हता. पगाराचा एक भाग पाण्यावर जायचा आणि ते पाणी भांड्यात बघितलं तर कधीकधी पिवळं.

पश्चिमेला हरित पट्टा राहिला, छान झालं. पण माणसं यायची थांबली नाहीत, ती पूर्वेला सखल जमिनीवर, भराव टाकून बांधलेल्या इमारतींत कोंबली गेली. २०१८ च्या जुलैत आमच्याकडे कमरेएवढं पाणी होतं, लोकल बंद, वीज बंद. तुमची शांतता आमच्या गर्दीवर उभी आहे, एवढं धाग्यात एका ओळीत तरी यायला हवं होतं.

गिरणगावकर

रास्त आहे. माझा सख्खा काकाही त्याच वाटेने विरारला गेला, त्यामुळे हे मला परकं नाही. टँकरचं पाणी पिणाऱ्याला दोष द्यायचा हेतू नव्हता. परवानग्या देताना पाणी कुठून आणणार हे ज्यांनी विचारलं नाही, राग त्यांच्यावर.

खाडीकाठ

नालासोपारा_पूर्व, तुमच्या दुःखाशी सहमत, निष्कर्षाशी नाही.

पाणी कसं वाहतं ते बघा. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर. तिथून उतरलेलं पाणी समुद्राला आणि खाडीला मिळायला पश्चिमेकडे येतं. मध्ये आडवा रेल्वेचा भराव, त्याखाली मोजक्या मोऱ्या. त्या पार केल्यावर त्याला पसरायला जागा लागते: शेतं, मिठागरं, वाड्या, बावखलं. भरतीच्या वेळी पाणी समुद्रात शिरत नाही, तेवढे तास ते इथेच कुठेतरी थांबून राहणार. पश्चिमेलाही तुमच्यासारखाच भराव पडला असता तर २०१८ ला पाणी कमरेला नाही, गळ्याला लागलं असतं. मिठागरातल्या वस्तीतल्या लोकांना त्या वेळी बाहेर काढावं लागलं होतं, ते विसरलात का?

हिरवा पट्टा फक्त पश्चिमवाल्यांचा नाही. त्याचा फायदा तुम्हालाच जास्त.

नालासोपारा_पूर्व

हे कुणी असं समजावून सांगितलं नव्हतं. मान्य. तरीही आमच्या नाल्यांवरची बांधकामं कोण काढणार, हा प्रश्न आहेच. पाण्याचं म्हणाल तर २०२३ च्या शेवटी सूर्या प्रकल्पाचं वाढीव पाणी आलं, वसई-विरारसाठी रोज १८५ दशलक्ष लिटर मंजूर आहे. टँकर मात्र अजून फिरताना दिसतात.

शनिवारवाचक

चिमाजी अप्पांचा उल्लेख आलाच आहे म्हणून: वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि त्या पुढे देवळांत लागल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यातलीच, भीमाशंकरचीही. आणि वसई म्हणजे पोर्तुगीज असं धरून बसू नका. सोपाऱ्याचा स्तूप भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये उकरला, अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही तिथलेच. नालासोपाऱ्याला नावं ठेवणाऱ्यांनी हे पाठ करावं.

नालासोपारा_पूर्व

शनिवारवाचक, तुम्हाला आमच्या सोसायटीत सन्माननीय सभासदत्व!

बंदरावरचा

सगळे वाड्या वाड्या करताय. किनारा कुठे गेला? मी पाचूबंदरचा.

किल्ल्याच्या पायथ्याशी आमची वस्ती, पलीकडे किल्लाबंदर. शांतता वगैरे आमच्याकडे नाही बरं का. बोट लागली की आरडाओरडा, बर्फाच्या गाड्या, लिलाव. थंडीत बोंबील वाळत घातले की वासानेच पाहुणे परत फिरतात. आम्हाला ते चालतं.

२०२४ पासून वसई-भाईंदर रोरो, म्हणजे गाड्या घेऊन जाणारी बोट, सुरू झाली. महामार्गाने वळसा घालून जायचं ते खाडीतून काही मिनिटांत. गाडीवाल्यांची सोय झाली, नाकारत नाही. पण रविवारी जेट्टीकडे गाड्यांची जी रांग लागते ती आमच्या गल्लीतून जाते. त्यात आता उत्तन-विरार सागरी सेतूची चर्चा, त्याला वसईत उतरायला फाटा. खांब रोवणार कुठे? आम्ही जाळं टाकतो तिथेच ना? सेतू झाला की 'मुंबईपासून अर्ध्या तासावर' अशा पाट्या लागतील, मग वाडीवाल्यांनाही कळेल.

मोगरीण

बंदरावरचा दादा, आमच्याकडेही काही फुलं उधळत नाहीयेत. शनिवार-रविवार राजोडी, कळंब, भुईगावच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या गाड्या आमच्याच दारावरून जातात. रस्ता एका गाडीपुरता, समोरून दुसरी आली की कुणाच्या तरी कुंपणाचा बळी. काही वाड्यांचे लॉन झालेत. लग्नाचा मोसम आला की रात्री डीजे.

बावखलांचं राहिलं. ती बुजतात कशी, सांगते. कुणी रात्रीत डंपर आणून ओतलं असं दर वेळी नसतं. आजोबांची एक वाडी, चार मुलगे, त्यांची नऊ नातवंडं. बावखल सामायिक. गाळ काढायचा खर्च कुणी करायचा यावर कुणाचं जमत नाही. नळ आला म्हणून गरज वाटत नाही. मग डास होतात, कचरा पडतो, एखादं पोर पडलं तर काय ही भीती. शेवटी सगळे म्हणतात, बुजवा आणि गाड्या लावायला जागा करा. दोन वर्षांनी शेजारची विहीर एप्रिलमध्येच तळाला जाते, आणि तेव्हाही कुणी दोन आणि दोन जोडत नाही.

आमच्या पाड्यात तरुण पोरांनी एकाचा गाळ काढला गेल्या उन्हाळ्यात, हातांनी. गाळ वाडीत टाकला, केळी अशी आलीय म्हणून सांगू! त्या मुलांपैकी एकही पूर्णवेळ शेती करत नाही. म्हणून मी फार रडगाणं गात नाही.

पहाटलोकल

ताई, महापालिकेत गावं घेतली त्याचं काय झालं? ते आंदोलनही मोठं होतं.

खाडीकाठ

थोडक्यात: २००९ मध्ये चार नगरपालिका आणि आजूबाजूची ५३ गावं मिळून वसई-विरार महापालिका झाली. गावांचा विरोध होता. ग्रामपंचायत गेली की जमिनीवरचा आपला शब्द गेला, कर वाढणार, आणि शेतीचं शहर होणार ही भीती. २०११ मध्ये सरकारने २९ गावं वगळायचं ठरवलं, मग प्रकरण हायकोर्टात गेलं आणि तारखांवर तारखा. त्यावर इथे राजकीय धुळवड सुरू होईल म्हणून थांबतो. माझ्यापुरतं सांगायचं तर पालिकेमुळे दिवे आणि रस्ते आले, पण बावखल बुजवताना अडवायला जो सरपंच दारात यायचा तो गेला.

नवीनघर_शोधतोय

खूप माहितीपूर्ण धागा. आम्ही दोघं, निवृत्तीला पाच वर्षं बाकी, सध्या गोरेगाव. एका एजंटने निर्मळजवळ 'फार्महाऊस प्लॉट' दाखवला आहे, दहा गुंठे, कुंपण घालून देतो म्हणतोय. घ्यावा का?

खाडीकाठ

आधी सातबारा बघा. शेतजमीन असेल तर महाराष्ट्रात ती घ्यायला तुम्ही स्वतः शेतकरी असावं लागतं, कुटुंबाच्या नावे कुठे जमीन आहे का? नसेल तर एजंट काय कागद दाखवतोय ते वकिलाकडून तपासून घ्या, एजंटच्या वकिलाकडून नव्हे. मग विकास आराखड्यात ती कुठल्या पट्ट्यात येते, किनाऱ्याजवळ असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध. 'बिगरशेती होऊन जाईल' हे वाक्य ऐकलंत की उठून चहा प्या आणि घरी या.

मोगरीण

आणि सातबाऱ्यावर किती नावं आहेत तेही बघा. एका भावाने विकली आणि उरलेल्यांनी दारात भांडण मांडलं असं इथे नेहमी होतं. त्यात तुमचं म्हातारपण जाईल.

माझं ऐकाल तर आधी एक वर्ष भाड्याने राहा. बरीच जुनी घरं रिकामी आहेत, मुलं कॅनडाला, आखातात, म्हातारी माणसं एकटी. चांगला भाडेकरू त्यांनाही हवा असतो. घर बघायला मे महिन्यात या, विहिरीचं पाणी तोंडात घेऊन बघा. परत जुलैत या. आणि रात्री नऊनंतर स्टेशनवरून रिक्षा मिळते का हे स्वतः करून बघा, घरमालकाच्या सांगण्यावर जाऊ नका. दवाखान्याचं विचारा, वयाचा प्रश्न आहे.

नवीनघर_शोधतोय

आमच्याकडे कुठेच शेती नाही. म्हणजे प्लॉटचा प्रश्न मिटला, भाड्याचंच बघतो. एक भाबडा प्रश्न: आम्ही बाहेरचे. लोक मिसळून घेतात का?

मोगरीण

पहिले दोन महिने बघत राहतात. वाडीत कचरा टाकलात किंवा शेजारच्या कोंबड्यांची तक्रार केलीत तर त्यानंतरही बघतच राहतील. नाताळात ताट आलं तर रिकामं परत करू नका, बस.

शनिवारवाचक

खाण्यावर कुणीच कसं बोललं नाही? आगाशीचं भुजिंग! कोळशावर भाजलेलं चिकन पोह्यांत परतलेलं. आणि सुकेळी. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, आठवडाभर तरी, रोज उलटायची, रात्री आत घ्यायची. एवढे कष्ट म्हणून करणारी घरं थोडी राहिली आणि किंमतही तशीच.

गिरणगावकर

सुकेळी मी निर्मळच्या यात्रेतच घेतो. बाजारात त्या नावाने साधी वाळवलेली केळी खपवतात. खरी असेल तर मधासारखा रंग असतो आणि वरून साखर लावलेली नसते.

मंडळी, यात्रेच्या सुमारास कट्टा करायचा का? सकाळी सोपाऱ्याचा स्तूप, मग गावं.

नालासोपारा_पूर्व

स्तूपापासून सुरुवात असेल तर मी आहे. चहा माझ्याकडून. दुपारी आमच्या पूर्वेलाही एक फेरी मारायची, ही अट.

बंदरावरचा

शेवट पाचूबंदरला करा. भरतीची वेळ बघून कळवतो.

मोगरीण

या सगळे. फक्त रविवार नको, आणि गाड्या स्टेशनवर ठेवून बसने या. कोण कोण येणार ते आठ दिवस आधी सांगा, वीस माणसांना पुरतील एवढी ताटं आहेत माझ्याकडे. वाटी-चमचा आपापला आणा.